विहिरीवरची लाइन आणि लॉगमधली वेळ: प्रकल्प नोंदी

शनिवार, १४ डिसेंबर २०२४

संत्र्याला आंबिया बहाराचा ताण दिला आहे, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडलं आहे. पाणी बंद, म्हणून विहिरीवर खेपा नाहीत. दहा महिने विहिरीवरच्या पेटीत साठत गेलेला लाइनचा (वीज आल्या-गेल्याचा) लॉग उघडायला पहिल्यांदाच सवड मिळाली. जानेवारीच्या मध्याला ताण तोडायचा, म्हणजे पाणी सुरू करायचं. त्याआधी मला एक तक्ता हवा आहे: कोणत्या रात्री थ्री फेज (मोटरला लागणारी तीन फेजची वीज) किती तास टिकली, आणि तिन्ही फेज सोबत आले की एखादा मागे राहिला.

हे सगळं सुरू झालं तेच मागे राहिलेल्या फेजमुळं. फेब्रुवारीत एका रात्री लाइन आली ती दोनच फेजवर. ऑटोनं (लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रानं) मोटर ओढली आणि सकाळी विहिरीवर नुसता जळका वास. वरूडला मोटर भरून आणली, सिंगल फेजिंगपासून वाचवणारं यंत्र बसवलं, आणि त्याच पेटीत मी माझा जुना रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा संगणक, पुढं नुसता ‘पाय’) ठेवला. तीन फेजवर तीन ऑप्टोकप्लर (फेज आहे की नाही ते पायला कळवणारे सुटे भाग), नेटसाठी डोंगल, आणि लाइन गेल्यावरही पाय जागा राहावा म्हणून जुन्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी. सी भाषेतला छोटासा प्रोग्राम फेज आला की गेला की सिसलॉगला (सिस्टिमच्या नोंदवहीला) एक ओळ देतो. ही पेटी १८ फेब्रुवारी २०२४ ला, रविवारी, बसवली.

ओळ अशी दिसते. महिना लॉगमध्ये इंग्रजी तीन अक्षरांत असतो, इथे मी देवनागरीत उतरवते:

डिसें १२ २२:०३:४१ विहीर फेज[४१२]: आर आला

आर, वाय, बी ही तीन फेजची नावं, आणि कंसातला आकडा प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक. लिहिणारा प्रोग्राम एका संध्याकाळी झाला होता. वाचणारा दोन संध्याकाळींत व्हावा.

रविवार, १५ डिसेंबर

पहिला तक्ता निघाला आणि त्यात ३० नोव्हेंबरला एकशे दहा नोंदी. एरवी रोजच्या बारा-पंधरा. त्याहून नवल म्हणजे १ ते ९ डिसेंबर कोरे.

जवळून पाहिलं तर ३० नोव्हेंबरच्या खात्यात कित्येक ओळी बरोबर पाच वाजताच्या, कित्येक बरोबर सहाच्या, मिनिट-सेकंद शून्य. पाच तारखेच्या साऱ्या नोंदी पाच वाजता, सहा तारखेच्या सहा वाजता!

कारण त्या ओळीतच आहे. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत तारीख दोन जागांची असते, पण एक आकडी तारखेपुढे शून्य येत नाही, रिकामी जागा येते. म्हणजे "डिसें" आणि "५" यांच्यात दोन स्पेस. मी ओळ एकेका स्पेसवर स्ट्रसेप या सी मधल्या फंक्शननं तोडली होती. दोन स्पेसच्या मधल्या पोकळीलाही तो एक तुकडा मानतो. तो रिकामा तुकडा मी एटूआयला (अक्षरांचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) दिला, त्यानं शून्य दिलं. खरा "५" पुढच्या घरात सरकला आणि तास होऊन बसला.

यात चूक सांगणारं कुणीच नव्हतं. शून्य तारीख पाहून मेकटाइम (तारीख-वेळेचे सेकंद करणारं फंक्शन) कुरकुरत नाही. डिसेंबरची ० तारीख म्हणजे त्याच्या लेखी ३० नोव्हेंबर. हिशेब जुळवून देणं हेच त्याचं काम, आणि ते त्यानं चोख केलं.

स्ट्रसेप काढलं, एसस्कॅनएफ (दिलेल्या साच्यानं ओळ वाचणारं फंक्शन) घातलं. त्याच्या फॉरमॅटमधली एक स्पेस म्हणजे कितीही स्पेस. तारखा जागेवर आल्या.

गुरुवार, १९ डिसेंबर

मोठेबाबा रोज एका शंभरपानी वहीत लाइनच्या वेळा लिहितात. माझ्या यंत्राच्या आधीपासून, मला वाटतं मी शाळेत होते तेव्हापासून. आज शेकोटीजवळ तुरीच्या शेंगा उकडत ठेवल्या होत्या, तिथं लॅपटॉप नेऊन तक्ता दाखवला. त्यांनी वही उघडली, बोट एकेका ओळीवरून फिरवलं आणि म्हणाले,

"काय वं माय, तुह्या मशीनीत आठ ते दहा लाइन राहतच नाही काय?"

खरंच नव्हती. आमच्या फीडरला (शेताकडच्या वीजवाहिनीला) चार दिवस रात्रीची पाळी, तीन दिवस दिवसाची. दिवसाची लाइन साडेआठला येते. माझ्या तक्त्यात ती कधी येतच नव्हती, दुपारी साडेचारला नुसती जात होती.

रात्री घरी येऊन पाहिलं. मी एसस्कॅनएफमध्ये तास, मिनिट, सेकंद वाचायला साच्यात पर्सेंट आय ही खूण वापरली होती. कॉलेजात डोक्यात बसलेलं, आय म्हणजे इंटिजर. पण पर्सेंट आय आकड्याचा पाया स्वतः ठरवतो: शून्य-एक्सनं सुरू झाला तर हेक्स (सोळाचा पाया), नुसत्या शून्यानं सुरू झाला तर ऑक्टल (आठाचा पाया). ऑक्टलमध्ये आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. "०७" वाचला तर सात, ठीक. "०८" आला की तो शून्य उचलतो, ८ पाशी थांबतो, पुढे कोलन सापडत नाही, आणि वाचन तिथंच संपतं. पर्सेंट डी नेहमी दशमान.

तारखेत हे झालं नाही, कारण तिथं शून्याऐवजी रिकामी जागा असते. रविवारी जिला शिव्या घातल्या, तिनंच इथं वाचवलं.

मग हिशेब केला. तास ०८ किंवा ०९ असलेली ओळ मेली. मिनिट किंवा सेकंद ०८-०९ असलेलीही मेली. नोंदी दिवसभर सारख्या विखुरल्या असत्या तर वाचणाऱ्या ओळी किती? २२ भागिले २४, गुणिले ५८ भागिले ६०, पुन्हा गुणिले ५८ भागिले ६०. उत्तर सुमारे ०.८५७. म्हणजे सात ओळींमागे एक गेली. साडेआठचा घोळ मोठेबाबांना दिसला, पण रात्री २:०९ ला गेलेला बी फेज कुणाला दिसला असता?

खरी चूक पर्सेंट आय नाहीच. पाचही आकडे (तारीख, तास, मिनिट, सेकंद, प्रोसेस क्रमांक) वाचले गेले नाहीत तर ओळ सोडून पुढं जा, असं मीच लिहिलं होतं, आणि किती सोडल्या ते मोजलं नव्हतं. आता न वाचलेली प्रत्येक ओळ वेगळ्या फाइलीत जाते आणि शेवटी तिचा आकडा छापला जातो. तो शून्य नसेल तर तक्ता निघत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

महिन्याच्या नावांची बारा घरांची इफ-एल्स काढून स्ट्रपीटाइम (मजकुरातून तारीख-वेळ वाचणारं फंक्शन) आणलं. ते पायवर चाललं, पण लॅपटॉपवर पहिल्याच ओळीला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळला.

तोच कोड, तीच फाइल. कंपायलरनं इशारा दिला होता, मी वर सरकवून टाकला होता: स्ट्रपीटाइमचं डिक्लेरेशन सापडलं नाही. हे फंक्शन मूळ सी मधलं नाही, पोसिक्समधलं (युनिक्स घराण्याच्या सिस्टिमांच्या प्रमाणातलं) आहे. टाइम डॉट एच घेण्याच्या आधी अंडरस्कोर एक्सओपन सोर्स डिफाइन केलं नाही तर जीलिबसीचा हेडर ते दाखवतच नाही. डिक्लेरेशन नसेल तर जुना कंपायलर गृहीत धरतो की फंक्शन इंट (पूर्णांक) परत देतं. पण स्ट्रपीटाइम पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देतं. पायवर ३२ बिटी सिस्टिम, इंट आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटचे, म्हणून खपून गेलं. लॅपटॉपवर पॉइंटर आठ बाइटचा, त्याचा वरचा अर्धा कापला गेला. जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून अशा कोडला इशारा नाही, थेट एरर आहे. बरं केलं.

आणखी एक: स्ट्रपीटाइम फॉरमॅटमध्ये जे आहे तेवढंच भरतं. लॉगमध्ये वर्ष नाही, तर स्ट्रक्ट टीएममधल्या वर्षाच्या घरात आधीचा कचरा तसाच. म्हणून आधी मेमसेटनं शून्य, टीएम इसडीएसटीला (उन्हाळी वेळेच्या घराला) उणे एक, आणि वर्ष माझ्याकडून. वर्ष १९०० पासून मोजायचं, म्हणजे २०२४ साठी १२४. महिना शून्यापासून, तारीख मात्र एकपासून. असं का, याचं उत्तर आजवर कुणी मला पटेल असं दिलेलं नाही.

वर्ष कुठून आणायचं? सध्या आजचं वर्ष घालते आहे.

(हे वाक्य १ जानेवारीला वाचून स्वतःवरच हसले.)

शनिवार, २८ डिसेंबर

तक्ता म्हणतो, दिवाळीपासून आमच्याकडे रोज अठरा ते बावीस तास थ्री फेज. मोठेबाबा ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते हसले. "एवढी लाइन आली असती तं म्या रात्री कायले जागलो असतो?"

लाइन जाण्याच्या वेळा वहीशी साधारण जुळतात. येण्याच्या मात्र एकही जुळत नाही. सकाळी सहाला गेलेली लाइन माझ्या लॉगमध्ये सव्वासातला परत येते. वहीत ती रात्री दहाला येते.

दोन तास डोकं धरून बसले. शेवटी "आला"च्या सगळ्या वेळा एकाखाली एक छापल्या:

०७:१७:११
०८:१७:०९
०७:१७:१०
१८:१७:१२
०७:१७:१०

सतरा, सतरा, सतरा. लाइन सोडणारा माणूस इतका वक्तशीर असेल तर त्याचा सत्कार करायला हवा.

पाय ३ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद झाला की वेळ विसरतो. त्यावर तोडगा म्हणून फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो मधूनमधून चालू वेळ एका फाइलीत लिहितो, आणि पाय पुन्हा सुरू झाला की तीच वेळ घड्याळात घालतो. मधूनमधून म्हणजे दर तासाला, क्रॉनकडून (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या प्रोग्रामकडून). आणि पायची सिस्टिम ज्यावर बेतली आहे त्या डेबियनच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या यादीत) दर तासाची कामं १७ व्या मिनिटाला लावलेली असतात. सतरा मिनिटं तिथली. पुढचे नऊ-दहा सेकंद पाय उठून बसण्याचे.

चित्र असं. फवारणीची बॅटरी उन्हाळ्यात दिवसभर तग धरायची, दिवाळीपासून तिचा दम संपला. सकाळी सहाला लाइन जाते, बॅटरी दीड-दोन तासांत मान टाकते. शेवटची लिहून ठेवलेली वेळ ०७:१७. रात्री दहाला लाइन येते, पाय उठतो, त्याला वाटतं आत्ता सकाळचे ०७:१७ झालेत. त्याच समजुतीत तो लिहितो: आर आला, वाय आला, बी आला. मिनिटाभरानं डोंगल नेट पकडतं, टाइमसिंकडी खरी वेळ आणतं, घड्याळ एका उडीत २२:०१ वर. पण तोवर ज्या तीन ओळींसाठी हा सगळा खटाटोप, त्या लिहून झालेल्या असतात.

येण्याची वेळ नेहमी खोटी, जाण्याची नेहमी खरी. आणि ती खोटी वेळ इतकी सरळ, पुढच्या दिशेची, की वाचणाऱ्या प्रोग्रामला संशय यायला जागाच नाही.

दुरुस्ती मागूनही करता येते, कारण फाइलीतला क्रम खरा आहे. मुख्य सिसलॉगमध्ये टाइमसिंकडीची "पहिल्यांदा वेळ जुळवली" अशी ओळ असते. तिच्या आधीच्या ओळीची वेळ आणि तिची वेळ यांतला फरक म्हणजे घड्याळानं मारलेली उडी, फार तर काही सेकंदांची चूक. पाय उठल्यापासून त्या ओळीपर्यंतच्या साऱ्या नोंदींत ती उडी मिळवायची. माझ्या तक्त्याला मिनिट पुरतं.

पुढच्यासाठी लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये एक भर: प्रत्येक ओळीत क्लॉक मोनोटोनिकचे सेकंदही छापायचे. हे घड्याळ पाय उठल्यापासून मोजतं. भिंतीवरच्या वेळेनं उडी मारली तरी ते उडत नाही.

बुधवार, १ जानेवारी २०२५

सकाळी तोच प्रोग्राम, तीच फाइल, एक अक्षर बदललं नाही, आणि अख्खं २०२४ साल भविष्यात गेलं. आजचं वर्ष घातलं होतं ना, ते आज बदललं.

२९ फेब्रुवारी तर तक्त्यातून नाहीसाच झाला आणि १ मार्चला दुप्पट नोंदी. २०२५ मध्ये २९ फेब्रुवारी नाही, म्हणून मेकटाइमनं तो गुपचूप १ मार्च केला. पुन्हा तोच मदतीला धावणारा स्वभाव. आता मेकटाइमच्या आधीची तारीख जपून ठेवते आणि नंतरच्या तारखेशी ताडते. जुळली नाही तर वर्ष चुकलं.

या ओळीत वर्ष का नाही, हे मला बरेच दिवस सतावत होतं. सिसलॉग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल प्रोग्रामसाठी लिहिला. काल काय बिघडलं ते आज पाहायचं, त्याला वर्ष कशाला? पुढं तो सगळीकडे पसरला. ऑगस्ट २००१ मध्ये आरएफसी ३१६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे दस्तऐवज) आला, पण त्यानं नवा नियम घातला नाही, चालत आलेली रीत लिहून काढली. वर्ष नाही, टाइम झोन नाही.

फाइल शेवटची कधी बदलली त्यावरून वर्ष काढता येतं. मला नाही, कारण मी फाइली पायवरून आणताना एससीपीला (फाइली आणणाऱ्या कमांडला) मूळ तारीख जपणारा पी चा पर्याय दिला नव्हता. सगळ्यांवर डिसेंबर २०२४ ची आणल्याची तारीख. तेव्हा १८ फेब्रुवारी २०२४ हाच माझा खुंटा. तिथून पुढं मोजत यायचं, आणि महिना मागं गेला की वर्ष एकनं वाढवायचं.

रविवार, ५ जानेवारी

"महिना मागं गेला की वर्ष वाढवायचं" हा नियम चार दिवस टिकला.

आज पायवरून ताजा लॉग आणला. तक्त्यानुसार आमची मोटर एक वर्ष बंद होती आणि सध्या जानेवारी २०२६ सुरू आहे. ओळी अशा:

जाने १ ००:०६:२२ आर गेला
डिसें ३१ २३:१७:१० आर आला
जाने १ ०२:४३:५० बी गेला

नव्या वर्षाच्या पहिल्या सात मिनिटांत लाइन गेली, थंडीनं गारठलेली बॅटरी पाच-दहा मिनिटांत बसली, ००:१७ वाजायच्या आत. म्हणून शेवटची लिहिलेली वेळ गेल्या वर्षातली, २३:१७. पाय पुन्हा उठला तो गेल्या वर्षात, नेट मिळाल्यावर परत या वर्षात आला. माझ्या नियमाला डिसेंबरनंतर जानेवारी दोनदा दिसला आणि त्यानं दोनदा नवं वर्ष साजरं केलं.

नियम बदलला: आधीच्या ओळीचं वर्ष, त्याच्या मागचं आणि पुढचं, अशी तिन्ही वर्षं घालून बघायची, आणि ज्यानं आधीच्या ओळीपासूनचं अंतर सगळ्यात कमी येईल ते घ्यायचं. आधीच्या नियमापेक्षा तीन ओळी कमी लागल्या. दोन नोंदींमध्ये सहा महिन्यांहून मोठी खिंड पडली तरच हा फसेल. तसं झालं तर लॉगपेक्षा बागेची काळजी मोठी असेल.

रविवार, १२ जानेवारी

ताण तोडला. रात्रीची पाळी, पहिलं पाणी. लाइन ६ वाजेपर्यंत टिकली. रात्रभर वावरात. रानडुकरांचा आवाज दोनदा, दिसलं एकही नाही. कोड नाही.

बुधवार, १५ जानेवारी

वही आणि तक्ता एका दिवसानं हुकतात. सगळेच नाही, फक्त मध्यरात्रीनंतरचे.

"मंगळवारी रात्री दोनले गेली मने, पाहा, लिवलं हाय."
"मोठेबाबा, रात्री दोनला बुधवार लागलेला असतो ना."
"बुधवार तं सकाऊन निंघते. रात्र मंगळवारचीच."

वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ते बरोबर आहेत. पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो. आणि मलाही हवी ती रात्रीची पाळी सलग, मध्यरात्री दोन तुकडे करून नव्हे. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणून तक्त्यासाठी दिवस काढण्याआधी प्रत्येक वेळेतून २५,२०० सेकंद, म्हणजे सात तास, वजा करते, मग लोकलटाइम (सेकंदांची तारीख-वेळ करणारं फंक्शन). रात्री १० ते ६ ची पाळी एकाच दिवसात बसते, सकाळी साडेआठची दुसऱ्या दिवसात. साठवलेली वेळ तशीच राहते, फक्त छापताना मोठेबाबांचा दिवस.

रविवार, १९ जानेवारी

शुक्रवारी पायचं मेमरी कार्ड गेलं. रोज वीज तोंडावर आपटून बंद होणाऱ्या पायला वर्षभर टिकलं हेच खूप. काल नवं कार्ड, त्यावर डेबियन १२ वर आधारलेली नवी सिस्टिम. तिच्यात आरसिसलॉग (सिसलॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपसूक येत नाही, तो हातानं टाकला. आज पाहते तर न वाचलेल्या ओळींच्या फाइलीत कालच्या झाडून साऱ्या ओळी.

२०२५-०१-१८टी१६:३१:०७.४८२९१३+००:०० विहीर फेज[५०३]: आर आला

मधला टी म्हणजे इंग्रजी टाइमचा टी. डेबियन १२ पासून आरसिसलॉगची ठरीव वेळ ही अशी: आरएफसी ३३३९ ची, २००२ सालची मांडणी, जी सिसलॉगसाठी २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्येही घेतली गेली. वर्ष आहे, सेकंदाचे दशलक्षांश आहेत, टाइम झोन आहे. महिनाभर ज्यासाठी झगडले ते सगळं आयतं ताटात. गेल्या फेब्रुवारीत हीच सिस्टिम टाकली असती तर!

पण १६:३१? काल रात्रीची पाळी होती, लाइन आली दहाला. उत्तर ओळीतच लिहिलंय, +००:००. रास्पबेरी पायच्या सिस्टिमचा मूळ टाइम झोन लंडनचा असतो आणि घाईत मी तो बदलला नाही. १६:३१ मध्ये साडेपाच तास मिळवले की २२:०१. अर्ध्या तासाचा झोन असण्याचा हा एक फायदा: झोनची गडबड झाली की मिनिटं तीसनं सरकलेली दिसतात आणि लगेच ओळखू येते.

वाचताना पहिलं अक्षर पाहायचं. अंक असेल तर नवी पद्धत, अक्षर असेल तर जुनी. नव्यासाठी एसस्कॅनएफनंच आकडे घेतले (पर्सेंट डी!), चिन्ह वेगळं एका कॅरेक्टरमध्ये, झोनचे तास-मिनिटं वेगळे. मेकटाइम इथं चालत नाही. टीएम जीएमटीऑफमध्ये (झोनच्या घरात) काहीही भरा, तो त्याकडे न पाहता लॅपटॉपचा झोन धरतो आणि ते घर स्वतःच्या मतानं पुन्हा भरतो. म्हणून टाइमजीएम, जो आकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून सेकंद देतो, आणि त्यातून झोनचं अंतर वजा. भारतासाठी १९,८००. टाइमजीएम कित्येक वर्षं लिनक्स-बीएसडीपुरतं होतं, सी २३ मध्ये ते प्रमाण सी मध्ये आलं.

दशांश टिंबानंतरचा आकडा सरळ पूर्णांक म्हणून वाचला तर ".५" आणि ".०५" दोन्ही पाच होतात. मला सेकंदापुढचं काही नको, टिंबापासून चिन्हापर्यंत सगळं सोडून दिलं.

जाता जाता टाइम टी (सी मध्ये वेळ साठवण्याचा प्रकार) चा साइझ छापून पाहिला. लॅपटॉपवर ८ बाइट, पायवर ४. चार बाइटचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं, आपल्या वेळेनुसार. आजपासून बरोबर तेरा वर्षं. गेल्या पावसाळ्यात लावलेली संत्र्याची कलमं तेव्हा ऐन भरात असतील. हा पाय तेव्हा नसेल, पण कोड असल्या ठिकाणी चिकटून राहतो, म्हणून वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये वेळ सगळीकडे ६४ बिटी पूर्णांकात ठेवली.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून विहिरीवर. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावलं, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकलं, झोन कोलकाता केला. या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करण्याचं सर्किट असतं आणि दुकानातला साधा सीआर २०३२ चार्ज होणारा नसतो, म्हणून आधी तो डायोड उपटला. या घड्याळाची चूक ० ते ४० अंशांत दशलक्षात दोन, म्हणजे वर्षाला जेमतेम मिनिटभर. मे महिन्यात त्या पत्र्याच्या पेटीत चाळीसच्या कितीतरी वर जाईल. तेव्हा दशलक्षात साडेतीन धरायचे.

पाच वेळा मेन स्विच पाडून पाहिला. एकदाही सतरा नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

फुलं धरली आहेत. तक्ता तयार आहे. न वाचलेल्या ओळी शून्य. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आठ तासांच्या पाळीत सलग आठ तास लाइन फारच थोड्या वेळा. एक फेज मागे राहण्याचे प्रकार चार, चारही लाइन आल्याच्या पहिल्या मिनिटातले. ऑटोला दोन मिनिटांचा उशीर लावला की ते टळतील. हे मोठेबाबांनी लगेच करून घेतलं, कोडवर बोलण्याआधी.

मग वही घेऊन बसलो. आता तारीख जुळते, पाळी जुळते, पण वहीतली प्रत्येक वेळ माझ्यापेक्षा सात मिनिटं पुढं. कधी सहा, कधी आठ, बहुतेक सात. मी पुन्हा झोन पाहिला, उडी पाहिली, मोनोटोनिक पाहिलं. रात्रीचे अकरा वाजले.

"मोठेबाबा, तुमचं घड्याळ दाखवा."

त्यांनी मनगट पुढं केलं. माझ्या फोनवर ११:०२, त्यांच्या घड्याळात ११:०९.

"सकायची बस सुटते वं," ते म्हणाले. "म्हणून पुढं ठेवलं हाय. सालो झाले."

वही वाचणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली: वजा ४२०.